इस्तंबूलच्या आजींचा चहा

मंडळी, गटावर फार उशिरा लिहितोय, राग मानू नका. जीव थाऱ्यावर नव्हता. नात ऋचा पाठीवर पिशवी टाकून एकटीच इस्तंबूलला गेलीय आणि बरेच दिवस तिचा फोन नव्हता. आज सकाळी तिचा फोन आला.

"जेवलीस का?" मी आधी तेच विचारलं.

"हो आजोबा! ब्रेड, चीज, ऑलिव्ह, सगळं खाल्लं. हॉस्टेल स्वस्त आहे, पण तिथल्या आजी चहा थांबवतच नव्हत्या. मी ग्लास संपवला की परत भरायच्या."

"अगं, मग संपवत कशाला होतीस?"

"तुम्हीच सांगता ना, पानात काही टाकायचं नाही!"

शेवटी शेजारी बसलेल्या माणसाने तिला दाखवलं, चमचा ग्लासवर आडवा ठेवायचा, म्हणजे पुरे. आपण पानावर हात आडवा धरतो, तसंच की! मला भारी नवल वाटलं. परक्या मुलखात पोरीला कुणी आग्रह करतंय, म्हणून जरा धीरही आला.

पण उद्या ती बसने एकटीच पुढच्या गावी निघणार. तिथेही असं कुणी असेल का हो? तिकडे कुणी जाऊन आलं असेल तर लवकर कळवा. वाट बघतोय.