बांधाकडची काकी

बांधाकडची काकी तहानलेल्यालाही आधी नाव विचारी. "कोन गो तू? कुनाची? कुठल्या गावची?" एवढे सांगितले की पितळी तांब्या हातात मिळे. न सांगणाऱ्यालाही पाणी मिळे, पण तांब्या जोत्यावर ठेवला जाई. त्यात विटाळ नव्हता, अविश्वास होता. शेणवे गावाच्या अलीकडच्या तिच्या घरी मी दोन वर्षे जात होते. तांब्या एकदाही माझ्या हातात आला नाही.

कारण नावे आम्ही टाकून दिली होती. आम्ही पाच जण शहापूर-मुरबाडच्या गावांसाठी एक पत्रक काढत होतो. छापून वाटायचो, मोबाइलवरही फिरवायचो. त्याला मालक नव्हता, संपादक नव्हता, लेखाखाली नाव नव्हते. आम्ही स्वतःला अराज्यवादी म्हणवत असू. सत्ता सरकारची असो वा संपादकाची, आम्हाला नको होती. एकमेकांना पाखरांच्या नावांनी हाक मारायचो. मी टिटवी होते. बैठकीला काकीने पडवी दिली होती. तिथे ओल्या सारवणाचा आणि नव्या भाताचा वास दाटलेला असे.

तिला वाचता येत नसे. ताजा कागद ती आधी नाकाशी धरी, मग म्हणे, "वाच." दोन ओळी झाल्या की थांबवी.

"हे कोन बोललं?"

"सगळे मिळून, काकी."

"सगळ्यांना मिळून येक तोंड नसतं गो."

भाताच्या आवणीच्या वेळी ती बांधाला लागून उभी राहायची, त्यावरून तिचे हे नाव. तिला कुणी नेमले नव्हते. पण ती पाऊल मागे घेई तेव्हाच रोपे लावणाऱ्या बायांची रांग मागे सरके. एकदा आमची बैठक चालू असताना ती सुपात तांदूळ पाखडत बसली होती. आम्ही उठलो तेव्हा म्हणाली, "तुमच्यातला बांधाकडचा कोन, ते मला कळलं. ज्याच्या मांडीवर ती पेटी हाय, तो."

लॅपटॉप आमच्यातल्या पारव्याचा होता. तो हसला. "काकी, आमच्यात कुणीच पुढं नाही."

"मंग तू उठलास का हे सगळे कशाला उठतात?"

तिने पुन्हा सूप पाखडायला घेतले.

टेकडीपलीकडे खडीची खाण होती. भरदुपारी सुरुंग उडत. काकीच्या मागच्या भिंतीला बोट शिरेल एवढी भेग पडली होती, विहिरीचे पाणी दुधाळ झाले होते. तिचे मागणे छोटे होते: सुरुंगाआधी भोंगा वाजवा, विहिरीच्या अंगाला सुरुंग लावू नका. तिचा लेक त्याच खाणीवर डंपर चालवायचा. खाण बंद व्हावी असे ती कधीच म्हणाली नव्हती. आम्ही मात्र तिच्या फोटोखाली छापले, "हा डोंगर माझा श्वास आहे, खाण बंद करा." ते वाक्य मी घडवले होते. त्याला लय होती. त्यात काकी नव्हती.

मी ते वाचून दाखवले. "मी असं बोलले नाय," एवढेच ती म्हणाली. मग तिने ग्रामसभेत अर्ज द्यायचे ठरवले. भेगेचे फोटो आम्हीच काढले होते, म्हणून आमच्यापैकी एकाची साक्षीदाराची सही तिला हवी होती. पारवा म्हणाला, "सरकारकडे अर्ज करणं म्हणजे सरकार मान्य करणं." आम्ही माना डोलावल्या. तिची नजर एकेकावरून फिरत माझ्यावर थांबली.

"आम्ही नाव लावत नाही, काकी," मी म्हणाले. "तत्त्व आहे आमचं."

"माजं तोंड छापलंत की," ती म्हणाली. "तवा तत्त्व कुठं गेलतं?"

शाईने निळा झालेला अंगठा तिने एकटीनेच उमटवला. ग्रामसभेत तिला विचारले गेले, हे फोटो कुणी काढले, हे कुणी छापले? ती म्हणाली, "पाखरांनी." सभा हसली. अर्ज बाजूला पडला. आठवड्यात लेकाला खाणीवरून घरी बसवले. कारण कुणी सांगितले नाही, कुणी विचारलेही नाही. आमच्यावर काहीच आले नाही. येणार तरी कुणावर? पाखरांना पत्ता नसतो.

लेकाला आसनगावला गोदामात काम मिळाले आणि घर हलले. निघायच्या दिवशी मी गेले. अंगणात भांडी गोणपाटात बांधून ठेवली होती. काकीने विचारण्याआधीच मी माझे नाव सांगितले. वडिलांचे, आडनावासकट, गावाचेही. त्या अंगणात ते पहिल्यांदाच उच्चारले जात होते आणि माझ्याच कानाला परके वाटत होते.

तिने पाण्याने भरलेला तांब्या उचलला. सगळे ऐकून घेतले. मी हात पुढे केला.

"कशावरून?" तिने विचारले, आणि तांब्या जोत्यावर ठेवला.