ट्रकासाठी तापवलेलं पाणी

गेल्या थंडीत मी दर बाजाराच्या दिवशी पहाटे उठून आधी ट्रकासाठी पाणी तापवायचे, माणसांचं मग. हळर्णला नदीच्या जवळ आमचं घर. डिसेंबरात अंगणात धुकं उतरलं की पोदेर पाव घेऊन आला तरी हलत नाही. न्हाणीच्या चुलीवर तांब्याचं भाण, त्यातलं कढत पाणी कळशीत काढायचं आणि पायऱ्या उतरून अंगणापर्यंत न्यायचं. तिथे घरकार बॉनेट उघडून उभे असायचे. आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, घरकार म्हणतात, तेव्हा इथेही तेच लिहिते. इंजिनाच्या अंगाला त्यांनी जुनं धोतर गुंडाळलेलं असायचं, त्यावर ते पाणी हळूहळू ओतायचे. एक कळशी, दुसरी, कधी तिसरी. मग किल्ली. इंजिन घर्र घर्र फिरायचं, मागून पांढरा धूर यायचा आणि ते गप्प व्हायचं. पुन्हा पाणी.

जुन्या डिझेल इंजिनाला सकाळी ऊब लागते. त्यासाठी त्यात चार हीटर प्लग असतात, पेन्सिलीएवढे. बटण दाबून धरलं की ते आतल्या आत लाल होतात, मग किल्ली फिरवायची. हे मला कुणी शिकवलं नाही. प्लग आपलं काम करत नव्हते आणि ते काम माझ्या कळशीवर आलं होतं, म्हणून कळलं.

ट्रक लहानच आहे, पण गावातल्या बायका त्याच्यावर अवलंबून. तांबडी भाजी, मुळे, वाली, मिरच्या, जे काही नदीकाठच्या मळ्यात होतं ते आठवड्याच्या बाजाराला डिचोलीला न्यायचं. घरकारांनी हे काम इतकी वर्षं केलंय की बाजाराच्या दिवशी त्यांना गजर लागत नाही. बाकीचे सहा दिवस ते नुसते कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून ट्रकाकडे बघतात.

माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं पावसाळ्यात. डॉक्टरने सांगितलं होतं, वर्षभर जड उचलायचं नाही. आता भरलेली कळशी जड की हलकी हे ज्याचं त्याने ठरवावं. मी ठरवलं होतं की अर्धी भरली तर ती हलकी.

मुलगा वाळपईला नोकरीला असतो, सुट्टीचा आला होता. त्याने जनेलातून मला बघितलं, एक हात कळशीला, एक पोटाला. तो तसाच बाहेर आला.

"आई, डॉक्टरान तुका काय सांगितल्यान?"

"अर्धीच आसा रे कळशी."

"अर्धी कळशी तीन फेरे." मग बापाकडे वळला. "बाबा, पुढच्या बाजाराक हो ट्रक पाण्याशिवाय चालू झालो नाय, तर मी भंगारवाल्याक बोलवतलंय. मगे माका काय सांगू नका."

घरकार धोतर पिळत होते. म्हणाले, "बोलव." आणि पिळलेलं धोतर पुन्हा पिळत राहिले.

खरं सांगते, मला त्या रात्री झोप चांगली लागली. वाटलं, एकदाचा जाऊ दे. अंगणात तुळशीला मोकळा वारा लागेल. मी दमले होते आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं फार दिसत नाही. सकाळी उठून बघते तर घरकार ट्रकाच्या टायरवर पाण्याचा हात फिरवत होते. तेव्हा माझा मलाच राग आला. राग आला तरी दमणूक गेली नाही, दोन्ही एकदमच राहिली.

मेकॅनिक डिचोलीचा, म्हणजे मूळचा बेळगावकडचा, पण आता इथलाच झालेला. दिवाळीपासून त्याने दोनदा प्लग बदलून दिले होते आणि दोन्ही वेळा तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मुलगा म्हणत होता, दुकानवाला नकली माल देतो. मेकॅनिकला ते लागलं असावं, कारण या वेळी तो स्वतः मोटारसायकलवरून घरी आला. बाजाराला दोन दिवस राहिले होते.

त्याने हेडलाइट लावून बॅटरी बघितली. ठीक. मग चारी प्लगना जोडणारी पत्र्याची पट्टी सोडवली. एक बारीक दिवा होता त्याच्याकडे वायर लावलेला. वायर बॅटरीला अडकवून तो दिव्याचं टोक एकेका प्लगला टेकवायला लागला. मी चहाचे कोप घेऊन बाजूला उभी.

"दिवा पेटला म्हंजे प्लग जित्ता," तो मला म्हणाला. "बघा मावशी."

पहिल्याला नाही पेटला. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला पेटला. चौथ्याला नाही.

मेलेला एक प्लग त्याने पान्याने काढला आणि माझ्या हातावर ठेवला. टोक फुगून वितळलेलं, जळक्या मेणबत्तीच्या वातीसारखं.

"ह्यो नकली न्हाई," तो म्हणाला. "आन करंटबी पोचतोय. गरजेपरीस जास्ती पोचतोय. काका, बटन किती येळ दाबून धरताय ओ?"

"थोडो वेळ," घरकार म्हणाले.

"थोडा म्हंजे?"

घरकार बॉनेटमध्ये काहीतरी शोधायला लागले. तेव्हा मीच म्हटलं, "गाऱ्हाणं सरेपर्यंत."

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. काय हवं, काय नको ते सगळं त्याला तोंडाने सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घरकार ते ट्रकात बसून, बटणावर अंगठा ठेवून घालायचे. पूर्वीचे प्लग तापायला वेळ घ्यायचे, तेव्हा गाऱ्हाणं आणि प्लग बरोबर एकदम तयार व्हायचे. दोन वर्षांमागे नवीन तऱ्हेचे प्लग आले, झटकन तापणारे. प्लग बदलले, पण अंगठ्याची सवय काही बदलली नाही.

मेकॅनिकने घड्याळ पुढे केलं. "घाला बघू काका. दर बाजाराला घालताय तसंच."

"असां खय घालतत? उगीच?"

"उगीच कुठं, गाडीसाठीच की."

घरकार आधी लाजले. मग त्यांनी एक हात मडगार्डवर ठेवला आणि डोळे मिटले. मी इतकी वर्षं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटताना बघितलं होतं, पण ऐकलं कधीच नव्हतं. त्या वेळेला मी चुलीकडे असायचे.

"बा देवा म्हाराजा, आज तुझा ह्या लेकरू गाडी भायर काढता हा. रस्त्यात काय आडनड असात, ती बाजूक कर. पाठीमागे बायो बसल्यासत, त्यांचो माल सुकाच्या आधी पोचव." मग पुलाचं आलं, मग नवीन रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांचं आलं, मुलीच्या बाळंतपणाचं, ती बाळंत होऊन मूल शाळेत जायला लागलं तरी तिचं तिथेच होतं. मग मुलाच्या बदलीचं. मला वाटलं संपलं. तर ते थांबले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "घरातला माणूस पोटात टाके घेवन चुलीकडे उबा आसा. ती काय बोलूची नाय. तिका जड पडू नये, येवढा बघ म्हाराजा."

मी हातातल्या प्लगकडे बघत होते. पावसाळ्यापासून माझ्यासाठी जो वेळ वाढला, त्याच वेळात ते प्लग जळत होते, आणि प्लग जळले म्हणून मी कळशी उचलत होते. हे घरकारांना सांगावं का, असं मनात आलं. पण त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांना ते कळलं होतं.

मेकॅनिकने घड्याळ बघितलं. "मिंटाला दोन-चार सेकंद कमी. काका, देव ऐकतोय ओ सगळं, प्लग न्हाई ऐकत. आठ आकडे मोजायचे. आठाला बटन सोडायचं, किल्ली मारायची."

"आन् उरलेला?"

"उरलेलं चालवत चालवत घाला की. देव काय गाडी सुटल्यावर जातोय व्हय?"

त्याने तीन नवीन प्लग बसवले, पट्टी आवळली आणि पोदेराचा उंडा नि भाजी खाऊन गेला.

बाजाराच्या पहाटे मी तरीही भाण तापवलं. विश्वास नव्हता म्हणून नव्हे, हात आपसूक तिकडे गेले. बायका पाट्या घेऊन आल्या, एक म्हणाली, "काय गो, आज पाणी खय?" मुलगा मुद्दाम आदल्या रात्रीच आला होता, तो पायरीवर शाल पांघरून उभा. कळशी मी मोकळीच ठेवली आणि ट्रकाच्या दाराशी गेले.

"मी मोजतंय," मी घरकारांना म्हटलं. "तुम्ही सुरू करा."

त्यांनी अंगठा ठेवला. "बा देवा म्हाराजा..." मी बोटांवर मोजायला लागले. ते अजून आडनडीपर्यंतच आले होते, आणि माझे आठ झाले.

"सोडा."

अंगठा सुटेना. मी आत हात घालून त्यांचं मनगट धरलं आणि उचललं. मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, अंगभर हललं आणि लागलं. मागच्या बायकांनी पाट्या सावरल्या. मुलगा आत गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, "आई, चाय आसा?"

ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा घरकारांचे ओठ हलत होते. उरलेलं चाललं होतं.

मी न्हाणीत आले. भाणातलं पाणी तसंच होतं, कढत, भाणभर. त्या थंडीत पहिल्यांदा ते सगळं माझं होतं. मी पाटावर बसले आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले, उठून पाणी घ्यायचंही बळ नव्हतं. मग पहिला तांब्या खांद्यावरून घेतला. ट्रक आता शाळेच्या वळणापर्यंत गेला असेल, म्हणजे मुलाच्या बदलीचं झालं, माझी पाळी आली असेल. मी दुसरा तांब्या भरला आणि भिंतीकडे तोंड करून म्हटलं, व्हय म्हाराजा.