फोनच्या कडेची टिकली

माझ्या आत्याला दिसत नाही. ती आमच्याकडे औंधलाच राहते. मी कॉलेजसाठी सांगलीला असते. शनिवारी घरी आले की तिचे मेसेज वाचून दाखवणं हे माझं काम होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मी मराठी अडखळत वाचायचे. ती कधी घाई करायची नाही.

एका शनिवारी स्वयंपाकघरात, आईच्या देखत, मी एक मेसेज मोठ्याने वाचला. सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आत्याबरोबर शिकलेल्या एका शिक्षकांचा होता. त्यांनाही दिसत नाही. एकेक शब्द जुळवत मी शेवटाला पोहोचले, तेव्हा कुठे मला अर्थ लागला. त्यांनी आत्याला लग्नाचं विचारलं होतं.

"अवं वन्सं! कवापासनं चाललंय हे?" आई म्हणाली.

आत्या उठून परसात गेली. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्या हातात दिला. "मला ह्याच्यावर शिकव. उत्तर माझं मी देणार."

कॉम्प्युटरला बटणं होती, बोटांना त्यांवरच्या खुणा सापडायच्या. इथे नुसती गुळगुळीत काच. मी फोनचा बोलका मोड, म्हणजे बोटाखाली काय आहे ते बोलून सांगणारा, सुरू केला आणि मीच अडकले. बोट एकदा टेकवलं की फोन फक्त बटणाचं नाव सांगायचा, उघडायला दोनदा टकटक करावं लागायचं. मी सवयीने एकदाच दाबत राहिले.

"डोळे मीट आणि कर," आत्या हसून म्हणाली.

मग तिनेच मला शिकवावं तसं झालं. पाठवायचं बटण ज्या उंचीला येतं, तिथे कव्हरच्या कडेला तिने स्वतःची टिकली चिकटवली. फोन इतक्या वेगात बोलायला लावला की मला एक अक्षर कळेना. सेटिंग धुंडाळून तिने स्क्रीन काळा ठेवायचंही शोधून काढलं. मला ते ठाऊकच नव्हतं. "बोलून पण लिहिता येतं," मी सुचवलं.

"म्हणजे तुझ्या आईलाही ऐकू जाईल. नको."

पुढच्या शनिवारी ती फोन कानाशी धरून पायरीवर बसली. बोट काचेवर सरकत होतं, थांबत होतं, मागे येत होतं. चुकलेलं अक्षर खोडून ती पुन्हा शोधायची. बराच वेळ गेला. शेवटी अंगठ्याने टिकली चाचपली, बोट शेजारी काचेवर टेकवलं आणि दोनदा टकटक केलं.

आईने मला खुणावून हळूच विचारलं, "काय लिवलं गं?"

मी शेजारीच बसले होते. स्क्रीन काळाकुट्ट होता. "मला खरंच माहीत नाही," मी म्हणाले, आणि मला हलकं वाटलं.

आत्याने फोन कमरेला खोचला.

"वहिनी, पुढच्या रविवारी भाकऱ्या जरा जास्तीच्या थापा. सांगलीचा पाहुणा येतोय."