मिर्चा कोणाचा माणूस

“हा माणूस कुठली भाषा बोलतोय, की नुसतेच आवाज काढतोय? एवढं मला सांगा,” डॉक्टर म्हणाले.

मला सांगता येईना. खाटेवर मिर्चा पडला होता. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांकडे बघून तो एकच काहीतरी परत परत म्हणत होता. आदल्या दिवसापर्यंत तो कामापुरतं इंग्रजी बरं बोलायचा. स्ट्रोक आला आणि इंग्रजी गेलं. उरलेलं रोमेनियन होतं की तेही गेलं होतं, हे वॉर्डातल्या कोणालाच कळत नव्हतं. डॉक्टरांना ते कळायला हवं होतं. मेंदूला किती इजा झाली आहे, बोलणं परत येईल का, याचा अंदाज त्यावरून बांधायचा असतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, “रोमेनियन बोलणारं कोणीतरी शोधते.” म्हटलं खरं, पण सिंगापूरमध्ये रोमेनियन माणूस कुठे भेटतो याची मला काहीच कल्पना नव्हती. डॅनिश माणूस हवा असता तर एका फोनचं काम होतं.

माझं काम सांगते. एका डॅनिश कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात मी मोबिलिटी मॅनेजर होते. म्हणजे परदेशातून आलेल्या माणसांचे पास, म्हणजे इथे काम करायचे परवाने, काढायचे, त्यांना घर शोधून द्यायचं, मुलांना शाळेत घालायचं आणि मुदत संपली की सामानासकट परत पाठवायचं. मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, पासिर रिसला राहिले आणि या कामात पडले. आमची कंपनी जहाजांच्या इंजिनांच्या कंट्रोल सिस्टीम्स बनवायची. सेम्बावांगच्या यार्डात जहाज दुरुस्तीला आलं की आमची माणसं ती बसवायला जात.

या माणसांत दोन जाती होत्या. मी हा शब्द विचार करून वापरते आहे, मला त्याचा अर्थ माहीत आहे. डेन्मार्कहून येणारे ते ‘असाइनी’. कंपनीच्या पगारावर, बायकामुलांसह, समुद्राजवळच्या कॉन्डोत. रोमेनियाहून येणारे ते ‘कॉन्ट्रॅक्टर’. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर, एकटे, सेम्बावांगच्या एका फ्लॅटमध्ये खोलीत दोघंदोघं. जहाज एक, इंजिनरूम एक, हेल्मेटचा रंगही एक. दोघांचे पासपोर्ट मरून रंगाचे आणि वर युरोपियन युनियन हीच अक्षरं. पण असाइनीला कॉन्ट्रॅक्टरचं आडनाव क्वचितच माहीत असायचं.

मिर्चा इलेक्ट्रिशियन होता. पन्नाशीचा, जाडजूड, कमी बोलणारा. त्याचं नाव मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. काही दिवस त्याचं डोकं दुखत होतं, असं त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं मला नंतर सांगितलं. पण कॉन्ट्रॅक्टरला कामावर गेलं तरच पगार. म्हणून तो गोळ्या घेऊन जात राहिला. इंजिनरूममध्ये पॅनेलसमोर उभा असतानाच तो खाली बसला आणि उठलाच नाही.

त्याच्या काही महिने आधी आमचा लार्स नावाचा डॅनिश इंजिनियर सायकलवरून पडला होता. गुडघा मोडला. सगळी व्यवस्था मीच केली होती. खाजगी हॉस्पिटल, घरी नर्स, ऑफिसला जायला गाडी. मदतीला त्याच्या सासूबाईंना विमानानं बोलावलं. शिवाय डॅनिश मंडळींनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या. कोणी जेवण आणायचं, कोणी मुलांना शाळेत सोडायचं. त्यांचा क्लब होता, त्यांचं चर्च होतं, त्यांचा काळा पाव मिळणारं दुकानसुद्धा त्यांना ठाऊक होतं. एक माणूस पडला तर तो गादीवरच पडावा, अशी सोय होती. मला ते फार आवडलं होतं. आपल्या मंडळींतही असं असावं, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं.

मिर्चासाठी मी रोमेनियन वकिलातीत फोन केला. तिथल्या बाईंनी ओळखीतल्या एकीला विचारून तिचा नंबर दिला. क्रिस्तिना. एका बँकेत सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होती.

“मी या लोकांना ओळखत नाही,” ती म्हणाली.

“ओळख असायला नकोच आहे. तो काय बोलतो तेवढं ऐकायचंय.”

“तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते? मला इथे येऊन आठ-नऊ वर्षं झाली. रोमेनियन म्हटलं की समोरचा माणूस अजूनही पाकीट चाचपतो. युरोपात तर विचारूच नका. मी ऑफिसात कुठली आहे हे आपणहून सांगत नाही.”

मला तिचा राग आला नाही. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबं किराणा आणायला लिटिल इंडियात शनिवारी जात. रविवारी तिथे बांधकामावरच्या भारतीय मजुरांची सुट्टीची गर्दी असते. त्या गर्दीत आपण मिसळलेले दिसू नये, एवढाच हेतू. कोणी उघड बोलत नसे, पण शनिवार सगळ्यांचा ठरलेला होता.

मी तिला एवढंच म्हटलं, “त्याच्या बायकोला मी काय सांगू, ते मला कळत नाहीये. बाकी काही मागत नाही.”

ती संध्याकाळी आली. उंच टाचा, ऑफिसचा बिल्ला गळ्यात तसाच. डॉक्टरांनी विचारलं, तिनं भाषांतर केलं.

“तुमचं नाव काय?”

“मइने,” मिर्चा म्हणाला.

“तुम्ही कुठे आहात?”

“मइने.”

“काही दुखतंय का?”

त्यानं मान हलवली, डोळ्यांत पाणी आलं आणि तो पुन्हा तेच म्हणाला.

“हा शब्द आहे,” क्रिस्तिना डॉक्टरांना म्हणाली. “आमच्या भाषेत याचा अर्थ उद्या. उच्चार बरोबर आहे. पण तो उद्याबद्दल बोलत नाहीये.”

डॉक्टरांनी समजावलं. प्रश्न त्याला थोडेफार कळत होते. उत्तर द्यायला हाताशी तो एकच शब्द उरला होता. पहिले काही आठवडे महत्त्वाचे. रोज फिजिओथेरपी, रोज स्पीच थेरपी. आता सुरू केलं तर बरंच परत येऊ शकेल, उशीर केला तर सांगता येत नाही.

क्रिस्तिना बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. मग म्हणाली, “तो आमच्याच गावाकडचा आहे. हेलावरून कळलं. माझे वडील असेच बोलायचे.”

मी एजन्सीच्या इथल्या ऑफिसात गेले. मॅनेजर रेमंड. चांगला माणूस होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

“काम करू शकत नाही म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलं लाह,” तो इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाला. “पास कॅन्सल करावा लागणार. नियम आहे.”

“आणि विमा?”

“अपघात झाला असता तर होता. स्ट्रोक अपघात नाही. डॉक्टरनंच लिहिलंय, ब्लडप्रेशर.”

मिर्चा एम्प्लॉयमेंट पासवर होता, जो जास्त पगाराच्या परदेशी माणसांना मिळतो. या पासवाल्यांचा आजारपणाचा विमा काढायची मालकावर सक्ती नव्हती. मोठा पास, मोठा माणूस, तो आपलं बघून घेईल, असा त्यामागचा हिशेब असावा. लार्सचा पासही हाच. फरक एवढाच की लार्सचं कंपनी बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी हेनरिकच्या केबिनमध्ये गेले. हेनरिक आमचा डायरेक्टर. डॅनिश ऑफिसात सर वगैरे भानगड नसते. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, डायरेक्टर स्वतःचा कप स्वतः धुतो. त्यांची समानता खोटी नव्हती. मी ती रोज अनुभवत होते. तिला फक्त कुंपण होतं.

“लार्ससाठी जे केलं ते मिर्चासाठी करू या,” मी म्हटलं. “सगळे नंबर माझ्याकडे आहेत.”

“वंदना, तो आपला माणूस नाही.”

“आपल्या पॅनेलसमोर पडला.”

“ते मला कळतं. पण आज त्याला आपला म्हटलं, तर उद्या यार्डातला प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर आपला होईल. कामं आधीच कमी झालीत.” तेलाचे भाव कोसळल्यामुळे यार्ड थंडावत चाललं होतं, ते खरं होतं. तो पुढे म्हणाला, “डेन्मार्कमध्ये असता तर सरकारनं सगळं केलं असतं. कोणाला विचारावंही लागलं नसतं.”

“तो डेन्मार्कमध्ये नाही.”

“रोमेनियातही काहीतरी व्यवस्था असेलच.”

“तो रोमेनियातही नाही, हेनरिक. तो सेम्बावांगला आहे.”

त्यानं लॅपटॉप उघडला. मग म्हणाला, “कोपनहेगनच्या लीगल विभागाला विचारतो.”

लीगलनं एजन्सीला विचारलं. एजन्सीनं तिच्या मुख्य ऑफिसला विचारलं. मुख्य ऑफिसनं मिर्चानं आपलं ब्लडप्रेशर लपवलं होतं का, असं विचारलं. प्रत्येक मेल सभ्य होती. प्रत्येकाची सुरुवात त्याच्या प्रकृतीची काळजी व्यक्त करून व्हायची. माझं नाव सगळ्या मेल्सवर असायचं, आणि प्रत्येक उत्तर यायला दोन-तीन दिवस जायचे. डॉक्टरांनी सांगितलेले महत्त्वाचे आठवडे त्यात जात होते. वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट जमेल तेवढं करत होती. स्पीच थेरपी मात्र इंग्रजीत होणार, तिचा मिर्चाला उपयोग नव्हता. क्रिस्तिना ऑफिस सुटल्यावर येऊन त्याला शब्द म्हणायला लावायची. पाणी. हात. खिडकी. ती कोणाला सांगून येत नव्हती, बँकेत तर नाहीच.

त्याची बायको मिहाएला आली ती हेनरिकनं तिकिटाला परवानगी दिल्यावर. ते त्यानं लीगलला न विचारता केलं, हेही सांगायला हवं. तिला मी कंपनीच्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये ठेवलं. बाई बारीक, हिवाळी बूट घालून आलेली. वॉर्डात शिरल्यावर ती नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या लुळ्या हाताची नखं बघितली. वाढली होती. तिनं पर्समधून नेलकटर काढलं आणि बसून एकेक नख कापलं. मिर्चा तोच शब्द म्हणत राहिला. प्रत्येक वेळी ती “हो” म्हणत राहिली.

अखेर कोपनहेगनचं उत्तर आलं. जबाबदारी नाही, पण सद्भावना म्हणून कंपनी त्याला नर्ससोबत विमानानं घरी पोचवेल. त्याआधी बायकोनं सही करायची, यापुढे कसलीही मागणी करणार नाही म्हणून. तो कागद मला तिच्याकडे न्यायचा होता.

मी हेनरिकला म्हटलं, “नेते. पण घरी गेल्यावरच्या उपचारांचं त्यात काहीच नाही. नुसतं पोचवायचं तर सामान पोचवल्यासारखं होईल.”

त्या वाक्यानं तो चिडला. आमचं तेवढं एकदाच बिनसलं. पण दोन दिवसांनी कागदात एक ओळ वाढून आली. गावातल्या फिजिओथेरपीचे काही महिने कंपनी देणार.

हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात आम्ही तिघी बसलो. क्रिस्तिनानं कागद रोमेनियनमध्ये वाचून दाखवला. आमचं बोलणंही तीच इकडून तिकडे पोचवत होती.

“वकिलाला दाखवा,” मी मिहाएलाला म्हटलं. कंपनीची नोकर म्हणून मी हे म्हणायला नको होतं.

“दाखवला तर काय होईल?”

“कदाचित जास्त मिळेल. कदाचित आहे तेही थांबेल.”

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

तिनं क्रिस्तिनाकडे बघितलं. क्रिस्तिना खाली बघत होती. मिहाएला काहीतरी बोलली आणि पेन मागितलं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, थांबायचं तर पाठीशी कोणीतरी असावं लागतं.”

सही झाली. त्या आठवड्याच्या शेवटी मिर्चा गेला. विमानतळावर मी, रेमंड आणि क्रिस्तिना होतो. यार्डातून कोणी आलं नाही. त्यांना सुट्टी नव्हती, आणि एका दिवसाचा पगार कापला जायचा.

पुढचं क्रिस्तिनाकडून कळत गेलं. काठी घेऊन तो अंगणापर्यंत चालायला लागला. बोलणं फारसं परत आलं नाही. कंपनीनं कबूल केलेले फिजिओथेरपीचे महिने संपले आणि घरात कमावणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मिहाएला इटलीला गेली. तिथे एका श्रीमंत कुटुंबातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं सगळं करायची नोकरी तिला मिळाली. मिर्चाला त्याची बहीण सांभाळू लागली.

आमच्या ऑफिसातही बदल झाला. हेनरिकनं पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अट घातली, की एजन्सीनं प्रत्येक माणसाचा पूर्ण विमा काढलाच पाहिजे. मला बरं वाटलं. एजन्सीनं त्याप्रमाणे दर वाढवले. मग खर्च कमी करायचं फर्मान कोपनहेगनहून आलं आणि एजन्सीच बदलली. नवी एजन्सी स्वस्त होती. नवी माणसं केरळ आणि गुजरातमधून आली. विम्याची अट कागदावर तशीच होती. तो विमा किती खरा आहे हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी तपासत राहिले आणि विमा खोटा वाटला तिथे जमेल तेवढं एजन्सीला अडवतही राहिले.

आता मी निवृत्त आहे. परदेशात नोकरी लागली की ओळखीपाळखीची मुलं सल्ल्याला येतात. पगार सांगतात, पासचा प्रकार सांगतात, राहायचा भाग कसा आहे विचारतात. मी त्यांना एकच गोष्ट विचारायला सांगते. ज्या दिवशी मी कामावर उभा राहू शकणार नाही, त्या दिवशी मी कोणाचा माणूस असेन? हा प्रश्न मुलाखतीत विचारल्यामुळे आतापर्यंत दोघांची नोकरी हुकली. त्यांचे आईवडील माझ्यावर अजून नाराज आहेत.