भर शिफ्टमध्ये दारात थांबलेली गाडी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं तुमच्या शाळेबद्दल सांगत होतात. आईबाबा पाळीपाळीने शाळेत मदतीला जातात, मन लागेनासं झालं तर बोलायला एक वेगळी खोली आहे, तिथे एक बाई बसतात. मग धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं असतं का?" मी "असतं" म्हटलं आणि विषय बदलला. ते उत्तर अर्धवट होतं. उरलेलं लिहून पाठवते. अक्षर अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आमच्या सेक्टरजवळची हायर सेकंडरी शाळा तुम्ही पाहिली आहे. तिच्याच मैदानावर तुम्ही सायकल शिकलात. पूर्वी तिथे स्टील प्लांटमधल्या कर्मचाऱ्यांची मुलं शिकत. आता बरीच क्वार्टर्स रिकामी पडली आहेत, आणि वर्गात बसतात ती बहुतेक रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतली मुलं. त्यांचे वडीलही प्लांटमध्येच कामाला जातात, पण ठेकेदाराचे मजूर म्हणून. त्यांना क्वार्टर मिळत नाही आणि रजाही मिळत नाही.

शाळेने पालक समिती नेमली तेव्हा तिच्यात पालक कमी आणि आमच्यासारखी रिटायर माणसं जास्त आली. सभा शनिवारी अकरा वाजता. त्या वेळी खरे पालक कामावर असायचे आणि आम्ही मोकळे. तरी आम्ही उत्साहाने कामाला लागलो. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली झाडून घेतली, टेबल-खुर्च्या मांडल्या, दारावर हिंदीत 'सहायता कक्ष' अशी पाटी लावली. दुपारी मी तिथे बसायचे. कुणी इंग्रजी शिकायला यायचं, कुणी नुसतं रडायला.

बारावीतली एक मुलगी पहिल्याच आठवड्यात दारातून डोकावली. "मॅडम, आप मराठी हो ना? माही आई म्हणे, जा, त्या आपल्याच बोलीच्या आहेत." तिचे आजोबा भंडाऱ्याकडून इथे आले होते. तिचं गणित फार चांगलं होतं. इंग्रजीला मात्र घाबरायची. एकदा वैतागून म्हणाली, "आजी, हे 'द' आर्टिकल ना, आमच्या मोहल्ल्यातल्या कुत्र्यासारखं आहे. कुठी येऊन बसंल, काही नेम नाही." मॅडमची आजी मी कधी झाले, ते कळलंच नाही. तिला कॉलेजात गणित घ्यायचं होतं आणि पुढे शिकवायचं होतं. तिने ते गणित घ्यावं, एवढंच मलाही हवं होतं.

हिवाळ्यात तिचं येणं थांबलं. वर्गातल्या मुलींनी सांगितलं की धाकट्या भावाला कावीळ झाली आहे आणि आई लोकांकडे स्वयंपाकाला जाते, म्हणून ती घरी थांबते. हजेरी कमी पडली तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. पालकांनी येऊन कारण सांगावं असा नियम. शाळेने निरोप पाठवले. कुणी आलं नाही.

समितीचे अध्यक्ष प्लांटच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. ते म्हणाले, "पालक आते नहीं, तो हम पालक के पास चलें." सगळ्यांना पटलं. मलाही.

इथली एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. या गावात घरचा माणूस ड्यूटीवर असताना दारात अनोळखी गाडी थांबली आणि तिच्यातून इस्त्रीच्या कपड्यांतली दोन-तीन माणसं उतरली, तर त्याचा अर्थ एकच असतो: तो माणूस आता परत येणार नाही. तुमचे आजोबा नोकरीत होते तेव्हा तशी गाडी आमच्या ब्लॉकमध्ये शिरली की आम्ही बायका गॅस बंद करून दारात येऊन उभ्या राहायचो. गाडी कुणाच्या घरापुढे थांबते ते बघायचो. पुढे गेली की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायची.

हे मला ठाऊक होतं. साहेबांना तर माझ्याहून जास्त, कारण कित्येकदा त्या गाडीतून उतरणारे तेच असत. तरी साहेब, शाळेच्या उपप्राचार्या आणि मी, असे आम्ही तिघं सकाळच्या शिफ्टच्या ऐन वेळी साहेबांच्या जावयाची पांढरी गाडी घेऊन वस्तीत गेलो. आम्ही शाळेच्या कामाला निघालो होतो. लोकांना काय दिसेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

गल्लीत नळावर बायका होत्या. गाडी थांबली तशा त्या बोलायच्या थांबल्या. एक म्हातारी साहेबांकडे निरखून बघत म्हणाली, "ए तो ओही साहब आय." म्हणजे, हा तर तोच साहेब. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मुलीची आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. साहेबांनी चपला काढल्या, हात जोडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बैठिए. पहले आप बैठ जाइए. घर में और कोई बड़ा है?"

ती बाई खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. जमिनीकडे बघत विचारलं, "कुठी ठेवलं त्याईले?"

मी तिचे खांदे धरले. म्हटलं, "अहो, काही झालेलं नाही. आम्ही शाळेतून आलोय. तुमच्या लेकीसाठी." तिला ते ऐकूच गेलं नाही. आतून मुलगी आली. "आई, ह्या शाळेतल्या आजी आहेत. पप्पाले काही नाही झालं." आईने मान वर केली आणि लेकीकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होती.

नळावरच्या बायका आत आल्या होत्या. भिंतीवर मुलीच्या वडिलांचा निळ्या कोटातला तरुणपणीचा फोटो होता; त्याच्याखाली उभं राहून उपप्राचार्यांनी हजेरीचं, प्रॅक्टिकलचं समजावून सांगितलं. म्हातारी ऐकत होती. "इस्कूल बर आए हव?" शाळेसाठी आलात का, असं तिने विचारलं. "हे भगवान! इस्कूल बर!" आणि पदराने तोंड दाबून हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. एकटी आई हसली नाही. वडिलांना कामाच्या जागी फोन नेता येत नव्हता, त्यामुळे ते डोळ्यांनी दिसेपर्यंत तिची खात्री होणार नव्हती. आम्ही निघालो तेव्हा ती दारात बसली होती, हातावरची कणीक तशीच वाळलेली.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "बोलना तो मैंने उसी काम में सीखा था, मॅडम. किसी के दरवाज़े पर और कुछ बोलना मुझे आता ही नहीं." त्यांनी धावपळ करून मुलीची हजेरी माफ करून आणली. त्यानंतर ते समितीत आले नाहीत.

काही दिवसांनी ती आई शाळेत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चांगली साडी नेसून, लेकीला बरोबर घेऊन. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, हिचं नाव शाळेतून काढाले आली. लग्न जमवलं. तुमसरचा पोरगा आहे, घरची गिरणी आहे."

मी म्हटलं, अठरा आत्ताच तर पूर्ण झाली. परीक्षा तोंडावर आहे, हजेरीचंही मिटलं आहे. शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

"शिकायचं मले नका सांगू, मॅडम. निळ्या कोटातला फोटो आमच्या घरात तुम्हीन पाह्यला. माह्या सासऱ्यानं उपाशी राहून लेकाले मॅट्रिक केलं. तो मॅट्रिकवाला आता ठेकेदाराचं फावडं मारून राहिला." मग म्हणाली, "तुमच्या साहेबानं 'बसा' म्हटलं ना, तेवढ्यात मी विधवा होऊन गेली होती. अन् पहिले काय दिसलं सांगू? पोरगी दिसली. बिनबापाची, बिनलग्नाची. परीक्षा नाही दिसली."

"पण तसं काही झालं नाही ना?"

"नाही झालं. मले दिसलं ना पण."

मी मुलीला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"आई झोपत नाही, आजी. पप्पाची शिफ्ट सुटेपर्यंत दारात बसून राहते. म्हणते, हिचं झालं की मी मोकळी. तिले मी काय म्हणू?" मग घाईने म्हणाली, "पण नाव नका काढू, मॅडम. तिकडचे लोक हो म्हणून राहिले. पेपरले पाठवतो म्हणतात."

आईने मान हलवली. "देऊ दे मग. मी कावून अडवू?" नाव काढलं नाही. जाताना मुलगी टेबलावरचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन गेली. मी मनात आशा धरली, हेही तुम्हाला सांगायला हवं. लग्नानंतर दोनदा तिचा फोन आला. दुसऱ्या वेळी मागे गिरणीचा आवाज इतका होता की तिचं बोलणं नीट कळलं नाही. मग तो नंबर बंदच लागायला लागला.

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. गणिताच्या दिवशी मी सकाळीच फाटकापाशी गेले. त्या दिवशी पालक आले होते. कुणी नाइट शिफ्ट करून तसेच, कुणी धाकट्याला कडेवर घेऊन. मुलांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, पेनं देत होते. तुमसरहून दुर्गमार्गे येणारी गाडी कधी कधी उशिरा येते, असं मी स्वतःला सांगत होते. पॉवर हाउस स्टेशनकडून येणाऱ्या प्रत्येक ऑटोत डोकावून बघत होते. घंटा झाली. शिपायाने फाटक ओढलं. मी त्याला जरा थांबायला सांगितलं. तो भला माणूस थोडा वेळ थांबला, आणि मग त्याने कडी घातली.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "आंटी, आपका कौन है अंदर?"

मी म्हटलं, "कोई नहीं."