मागच्या सीटवरचे संत योसेफ

ख्रिस्ती पित्याचा आदर्श म्हणून संत योसेफांवर भाषण करायला मी साताऱ्याहून सांगलीला निघालो आणि वाटेत पोटची पोर विसरलो.

तसा मी अबोल माणूस. घरात माझं बोलणं म्हणजे "हं", "बघू" आणि "नको". ग्रेसीला बारावीनंतर नर्सिंगला मिरजेला जायचं होतं. मी "नको" म्हणालो, कारण सांगितलं नाही. तिनं बोलणंच टाकलं. (घरात दोन मुके झाल्यावर बायको आधीच सांगलीला माहेरी गेली. संत योसेफांच्या सणाच्या तयारीला म्हणे!)

सांगलीच्या चर्चमधला योसेफांचा अडीच फुटी पुतळा साताऱ्यात रंगवायला दिला होता. तोही मलाच न्यायचा होता. मी तो पोत्यात गुंडाळून डिकीत घातला, तेव्हा ग्रेसीनं तोंड उघडलं.

"पप्पा, संतांना डिकीत?"

"हं."

कऱ्हाडच्या पुढे चहाला थांबलो. भाषण आठवेना, एका जागी उभं राहवेना. मी कपातला चहा हलवत रस्त्यापर्यंत जाऊन येत होतो. तेवढ्यात ग्रेसीनं काय करावं? संतांना डिकीतून काढलं, मागच्या सीटवर आपल्या जागी बसवलं, पट्टा लावला, नवा रंग उन्हानं उडू नये म्हणून डोक्यावरून आपली ओढणी गुंडाळली आणि गेली हात धुवायला! मी आलो, आरशात ओढणी बघितली आणि गाडी काढली.

मागे शांतता होती. मला वाटलं, रुसवा. मग कोण जाणे काय झालं, माझं तोंड सुटलं.

"ग्रेसी, पैशाचं काही नाही गं. तू गेलीस की घरात मी कुणाला 'हं' म्हणू? भीती वाटते मला."

उत्तर नाही. पण ऐकतेय, हे काय कमी! मी आणखी बोललो. रडलोसुद्धा. (घाटात नव्हे, सरळ हायवेवर!) पेठ नाक्याला फोन वाजला.

"आवं दादा, मी चहावाली मावशी. पोरगी हितं हाय तुमची, तिनंच लंबर दिला!"

"छे हो, मागं बसलीय."

"मग ही कोन हाय? आन् तुमच्या मागं कोन हाय?"

मी गाडी कडेला घेतली, मागे वळून ओढणी बाजूला केली. दाढी होती!

तसाच उलटा फिरलो. ग्रेसी बाकड्यावर बसून भजी खात होती. मावशींनी कमरेवर हात ठेवले.

"लेकीला टाकून कुटं निघाला व्हता?"

"आदर्श बापावर भाषण करायला."

मावशी पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

"योसेफांचंसुद्धा असंच झालं होतं," मी सारवासारव केली. "त्यांचा पोरगा येशू यरुशलेमात मागेच राहिला अन् ते दिवसभराची वाट चालून गेले."

"त्यांनी भलत्यालाच पोर समजून गप्पा नव्हत्या मारल्या!" ग्रेसी म्हणाली. आणि मग हळूच, "काय बोललात पप्पा?"

मी तोंड उघडलं. "हं" एवढंच निघालं. ती उठली, संतांना पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बसली.

"त्यांच्याकडे बघून सांगा. मी ऐकते."

सांगितलं. सगळं. आष्ट्याला पोचेतो मिरज ठरली होती.

चर्चमध्ये माइकसमोर उभा राहिलो तेव्हा वाटभर बोलून बसलेल्या घशातून फक्त खरखर निघाली. "संत योसेफ... शुभवर्तमानात... एक शब्दही बोलत नाहीत," एवढं कसंबसं म्हणालो, मान खाली घातली आणि खाली बसलो.

फादरांचे डोळे पाणावले. पितृत्वाचं इतकं नम्र चिंतन त्या चर्चनं कधी ऐकलं नव्हतं म्हणे. आता दर वर्षी मलाच बोलावतात, आणि दर वर्षी मला आधी घसा बसवून घ्यावा लागतो!