अनवाणी म्हणे...

हसुराम गेल्याचं मला कळलं ते शाळेच्या फाटकात. सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती आणि आमच्या गावची मासळीवाली सोनूबाई डोक्यावरची पाटी न उतरवताच उभी होती. ती अलिबागच्या बाजारात रोज येते, पण शाळेच्या वाटेला कधी जात नाही, त्यामुळे तिला पाहताच मी फाटकाकडं धावलो. "मास्तर, हसू गेला," ती म्हणाली. "तीन रोज ताप व्हता. काल डागदर आनला, पन..." हेडमास्तरांना सांगून मिळेल त्या एस.टी.नं गावी गेलो. त्याला पोचवून परत आलो तेव्हा मनात नुसतं दुःख होतं. राग आला तो चौथ्या दिवशी, वर्तमानपत्र उघडल्यावर.

आतल्या पानात, जाहिरातींच्या कोपऱ्यात पाच ओळींची बातमी होती. विलायतेत फुटबॉल खेळलेले कुलाबा जिल्ह्यातले 'अनवाणी जादूगार' कालवश झाले म्हणे. वय चुकलं होतं, गावाचं नाव चुकलं होतं, ते एक वेळ सोडून देऊ. पण अनवाणी? ज्या एका शब्दानं त्या माणसाच्या खेळाचं वाटोळं केलं, तोच शब्द त्याला शेवटी हारासारखा घातला. आठ दिवसांनी शोकसभेचं निमंत्रण आलं, त्यावरही तेच. तेव्हा ठरवलं की हे लिहायचं. त्यात माझीही एक चूक आहे, तीही सांगायची.

हसुराम आणि मी एका वयाचे. त्याच्या बापाची होडी होती, माझ्या बापाचं वाण्याचं दुकान. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारल्या की नारळी पुनवेपर्यंत कोळीवाड्यातल्या पोरांना जाळी विणण्यापलीकडं काम नसायचं, तो आमचा फुटबॉलचा मोसम. ओहोटी लागली की ओल्या घट्ट वाळूत चार वल्ही रोवायची, झाले दोन गोल. जुन्या जाळ्याचं सूत गुंडाळून केलेला बॉल पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा. मी गोलकीपर, कारण मला पळता यायचं नाही. हसुरामनं मारलेला तो बॉल छातीवर घेतला की रात्री आई हळद लावायची आणि माझ्या बुद्धीचा उद्धार करायची. असला बॉल लाथाडत वाढलेल्या पायाला पुढं खरा चामड्याचा बॉल म्हणजे खेळणंच वाटलं असणार.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तो मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी म्हणून लागला. गोदीतल्या लोकांचा एक संघ होता, त्यात त्याला पहिल्यांदा बूट मिळाले, कुणा गोऱ्या साहेबानं टाकलेले. त्याची पत्रं मलाच यायची, कारण घरात वाचणारं कुणी नव्हतं. 'पाय कोंडल्यासारखं वाटतं,' असं पहिल्या पत्रात होतं. दोन महिन्यांनी लिहिलं, 'आता बुटाशिवाय मारलं तर बॉल जागचा हलत नाही असं वाटतं.' पुढं त्यानं पगारातून स्वतःचे बूट घेतले, काळे, घोट्यापर्यंत येणारे. त्यांच्याबद्दल त्यानं पानभर लिहिलं होतं. नव्या बायकोबद्दलही त्यानं एवढं लिहिलं नसतं, असं मी त्याला उलट कळवलं, तर महिनाभर पत्र नाही.

मग त्याचं जहाज दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरात अडकलं. रविवारी तिथल्या गोदी कामगारांबरोबर खेळताना एका क्लबाच्या माणसानं त्याला पाहिलं. जहाज निघून गेलं आणि हसुराम मागं राहिला. राखीव संघातून तो सगळे सामने बूट घालून खेळला आणि गोल मारत गेला. आपल्याकडचा कुणी तिथल्या क्लबातून खेळतो हे आम्ही तरी तोवर ऐकलं नव्हतं. वसंतात त्याला मुख्य संघात घेतलं. आणि घात झाला तो त्या पहिल्या सामन्याच्या दिवशी.

आमच्याकडं होडीवर पायतण घालून कुणी चढत नाही. नव्या होडीवर तर आधी हात टेकवायचा, तो कपाळाला लावायचा आणि मगच उघडा पाय आत ठेवायचा. जिच्यावर पोट आहे तिच्यावर चामडं घेऊन चढायचं नाही, एवढी साधी गोष्ट. हसुरामला ते मैदान तसंच वाटलं. पांढऱ्या रेघेशी त्यानं बूट काढले, गवताला हात लावून कपाळाला लावला, दोन पावलं आत उघड्या पायांनी उभा राहिला, मग बाहेर येऊन बूट घातले आणि खेळायला गेला. तेवढ्या दोन पावलांत एका फोटोवाल्यानं साधलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात मोठा फोटो, अनवाणी हिंदी खेळाडू. बुटांनी मारलेल्या गोलाचा उल्लेख खाली कुठंतरी, बारीक अक्षरांत.

पुढच्या सामन्याच्या जाहिराती भिंतींवर लागल्या त्याच शब्दाच्या. हसुराम बूट घालून बसला होता, मॅनेजरनं येऊन काढायला सांगितले. त्यानं मला हे सांगितलं पुष्कळ वर्षांनी, जाळं शिवता शिवता, मान वर न करता. "मी म्हनलो, बूट हायत ना साहेब. तो म्हनला, तुजं पाय बगायला मानसं आलीत." मी विचारलं, मग तू ऐकलंस का? "जहाज सोरलं व्हतं रं. जानार कुटं? आन् मना खेलायचं व्हतं." मग सुई थांबली. "त्यांना खेल नको व्हता मास्तर. पाय हवं व्हतं."

पायांना पट्ट्या गुंडाळून, गारठ्यानं दगड झालेल्या मैदानावर तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसा खेळला. लोक टाळ्या वाजवायचे, त्याच्या पायांना. एका सामन्यात समोरच्या धिप्पाड गड्याचा खिळ्यांचा बूट त्याच्या डाव्या पायावर आला आणि दोन बोटं गेली. इस्पितळात क्लबाचं पत्र आलं. ते इंग्रजी पत्र मी स्वतः वाचलं आहे. अनवाणी खेळणारा गडी ठेवणं धोक्याचं असल्यामुळं करार पुढं चालू ठेवता येत नाही, याचा क्लबास खेद आहे. बूट त्यांनीच काढायला लावले होते.

तो परत आला, पण मोडून आला नव्हता. डाव्या बुटात पुढं सुताचा बोळा घालून त्यानं याच वाळूवर पुन्हा सराव सुरू केला आणि सहा महिन्यांत तो आधीसारखा मारू लागला. देशाच्या संघासाठी निवड चालू होती. त्याचा अर्ज मी लिहिला, इंग्रजीत, माझ्या सुंदर अक्षरात. आणि अर्जाला तो फोटो जोडला... विलायतेच्या पेपरात छापून आलेला आमचा हसू, मला केवढा अभिमान. त्यानं एकदा विचारलं होतं, "फोटो कशाला रं?" मी म्हटलं, तुला कळत नाही, गप्प बस.

मुंबईला मी त्याच्याबरोबर गेलो. तो बूट घालून, सुटकेस घेऊन उभा. निवड समितीतले एक साहेब टेबलामागून म्हणाले, "आता बूट सक्तीचे झालेत. अनवाणी खेळणारे आम्हाला नकोत." हसुरामनं पायांकडं बोट दाखवलं. साहेबांनी फोटो उचलून दाखवला. "एकदा खेळवून पाहा," मी म्हटलं. "फोटो खोटं बोलतो का, मास्तर?" ते हसून म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. तिकडं पाय हवे म्हणून बूट काढायला लावले, इकडं बूट हवे म्हणून दारातून हाकलला, आणि दोन्हीकडं पुरावा तो एकच कागद. दुसऱ्या वेळी तो मी नेऊन दिला होता. परतताना रेवसच्या लाँचवर तो बूट मांडीवर घेऊन बसला होता. मला तोंड वर करवेना. उतरताना तोच म्हणाला, "फोटो बरा हाय. आयेला दाव." त्यानंतर त्यानं तो विषय माझ्यापुढं कधी काढला नाही, आणि मला माफी मागायचं धैर्य झालं नाही.

पुढं तो बापाच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, झाला. पावसाळ्यात गावच्या पोरांना खेळवायचा. त्याचा नियम एकच, रेघेशी पायतण काढून वाळूला नमस्कार करायचा, आणि मग पुन्हा घालून खेळायचं. कॅनव्हासचे का होईनात, पण बूट हवेत. ज्याच्याकडं नसतील त्याला तो स्वतः आणून द्यायचा आणि वर शिव्याही द्यायचा.

शोकसभेला मी गेलो. अध्यक्ष म्हणून तेच साहेब, आता केस पांढरे झालेले, मागं हसुरामचं मोठं रंगवलेलं चित्र, त्या फोटोवरून केलेलं. पाय उघडे. साहेब त्या पायांबद्दल अर्धा तास बोलले. मी उठून म्हणालो, चित्र चुकलंय, तो बूट घालून खेळायचा आणि हे तुम्हाला माहीत आहे. सभागृहात चुळबुळ झाली. साहेब मायेनं म्हणाले, "मास्तर, आपल्या भावना समजतात. बसा." मी बसलो नाही, निघून आलो.

परवा नारळी पुनव झाली. कोळीवाड्यात होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल पाजायचं काम चाललं होतं. हसुरामची बायको पार्वतीवहिनी अंगणात बसून तेच तेल चिंधीनं हसुरामच्या बुटांना लावत होती. दर वर्षी होडीबरोबर बुटांनाही तेल लागायचं, तो हयात असताना तो लावायचा. बूट मऊ होते, आज घालून पळता आलं असतं. मी तिला चित्राचं सांगितलं, फोटोचंही सांगितलं, सगळं, जे त्याला सांगायला हवं होतं. तिनं ऐकून घेतलं. "त्यांना ठावं व्हतं, भावजी," ती म्हणाली. "तुमचा राग न्हाय केला कदी." मग डाव्या बुटात बोटं घालून तिनं आतला सुताचा बोळा काढला, त्यालाही तेल लावलं आणि पुन्हा होता तिथं, दोन बोटांच्या जागी, नीट दाबून बसवला. बूट खुंटीला अडकवताना माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी तवा अर्ज लिवला व्हता. आता येवडं लिवा."

म्हणून लिहिलं, आणि या वेळी फोटो जोडलेला नाही. हसुरामला बूट होते.